जावा प्रोग्राममधून पाठवलेला डीएनएस ऑप्शन कुठे हरवतो? शोध घेण्याच्या पायऱ्या

जावामधून डीएनएसला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेला, विचारून एखाद्या नावाचा आयपी पत्ता काढायला एक ओळ पुरते. पण त्या क्वेरीबरोबर स्वतःचा ऑप्शन पाठवायचा झाला, म्हणजे क्लायंटचा सबनेट (त्याच्या नेटवर्कचा पत्ता), कुकी (खोटी पॅकेट ओळखायला मदत करणारी खूण), ‘तू नेमका कोणता सर्व्हर आहेस’ हे विचारणारी खूण किंवा आपल्याच दोन सिस्टिममध्ये ठरलेला खाजगी कोड, की नवखा माणूस हमखास अडकतो. अडकल्याचं पटकन कळतही नाही, कारण काहीच मोडत नाही. उत्तर येतं, पत्ता बरोबर असतो, एक्सेप्शन नाही, लॉग स्वच्छ. फक्त पाठवलेल्या ऑप्शनचा परिणाम कुठेही दिसत नाही.

अशा वेळी कोडमध्ये उलटसुलट बदल करत बसण्याचा मोह होतो. तो टाळा. ऑप्शन हरवायच्या जागा मोजक्याच आहेत. तो पॅकेटमध्ये गेलाच नसेल. गेला असेल पण चुकीच्या आकारात. वाटेत कुणीतरी काढून टाकला असेल. सर्व्हरला तो कळला नसेल म्हणून त्याने सोडून दिला असेल. किंवा उत्तर आलं असेल आणि आपणच ते नीट वाचलं नसेल. बाहेरून दिसणारं लक्षण बहुतेक वेळा सारखंच असतं. म्हणून अंदाजाने भागत नाही, पॅकेटमधले बाइट बघावेच लागतात.

क्लास आणि मेथडची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. आयडीईमध्ये पहिली काही अक्षरं टाइप केली की मूळ नाव समोर येईल.

आधी ऑप्शन बसतो कुठे ते समजून घ्या

डीएनएसचा मूळ आराखडा १९८७ च्या आरएफसी (इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) १०३४ आणि १०३५ मधला. त्यात यूडीपीवरच्या मेसेजला ५१२ बाइटांची मर्यादा होती आणि नवीन गोष्टी घालायला हेडरमध्ये जागा जवळजवळ उरली नव्हती. त्यावर तोडगा म्हणून १९९९ मध्ये ईडीएनएस, म्हणजे डीएनएसचा विस्तार, आलं. आज लागू असलेलं त्याचं रूप २०१३ च्या आरएफसी ६८९१ मध्ये आहे.

हेडरला हात न लावता, मेसेजच्या शेवटच्या म्हणजे ‘ॲडिशनल’ भागात ओपीटी नावाचं एक रेकॉर्ड जोडायचं, ही त्यातली युक्ती. त्याचा प्रकार क्रमांक ४१. दिसायला ते नेहमीच्या रेकॉर्डसारखंच असतं, पण त्यातल्या रकान्यांचे अर्थ बदललेले आहेत. नाव कायम रिकामं, म्हणजे रूट. ‘क्लास’च्या जागी आपण किती मोठं यूडीपी उत्तर घेऊ शकतो तो आकडा. ‘टीटीएल’च्या चार बाइटांत विस्तारित एरर कोड, ईडीएनएसची आवृत्ती आणि फ्लॅग. आपले ऑप्शन बसतात ते त्यापुढच्या डेटामध्ये. प्रत्येक ऑप्शनचे तीन तुकडे असतात: दोन बाइटांचा कोड, दोन बाइटांची लांबी आणि मग तेवढ्या लांबीचा डेटा.

नेहमी लागणारे कोड थोडेच आहेत. सर्व्हरची ओळख मागणारा एनएसआयडी ३, क्लायंट सबनेट ८, कुकी १०, पॅडिंग (मेसेजची लांबी वाढवणारा भराव) १२, आणि चूक का झाली याचं सर्व्हरकडून येणारं सविस्तर कारण १५. स्वतःच्या प्रयोगासाठी ६५००१ ते ६५५३४ हा पट्टा मोकळा ठेवलेला आहे. खाजगी ऑप्शन करायचा असेल तर कोड याच पट्ट्यातला घ्या. ‘सध्या कुणी वापरत नाही’ म्हणून मधलाच एखादा आकडा उचलू नका. उद्या तो दुसऱ्या कुणाला अधिकृतपणे मिळू शकतो.

दोन नियम मात्र पक्के लक्षात ठेवा, कारण निम्म्याहून अधिक गोंधळ यांच्यामुळेच होतो. पहिला नियम: सर्व्हरला ऑप्शनचा कोड ओळखता आला नाही तर त्याने तो गुपचूप सोडून द्यायचा असतो. एरर द्यायचा नसतो. म्हणजे ‘एरर आला नाही’ याचा अर्थ ‘ऑप्शन चालला’ असा होत नाही. दुसरा नियम: ओपीटी रेकॉर्ड हे तुम्ही आणि तुमच्यासमोरचा पहिला सर्व्हर यांच्यापुरतंच असतं. ते पुढे ढकलायचं नसतं, कॅशेमध्ये ठेवायचं नसतं. तो सर्व्हर पुढच्या सर्व्हरला विचारताना स्वतःचं नवीन ओपीटी बनवतो. तुमचा खाजगी ऑप्शन त्यात आपोआप जाणार नाही.

पायरी १: क्वेरी कोण बनवतंय ते तपासा

तुमचा कोड ‘इनेटॲड्रेस’ क्लासची ‘गेटबायनेम’ मेथड वापरत असेल तर शोध इथेच संपला. ती मेथड नाव ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करते. पॅकेट जावा बनवतच नाही, त्यामुळे ऑप्शन घालायला जागाच नाही. जेडीके १८ पासून या क्लासमागचा रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचं उत्तर शोधून आणणारा भाग, बदलता येतो, पण तो बदली रिझॉल्व्हर तुम्हालाच पुरवावा लागतो. जावासोबत येणारा जेएनडीआयचा (नावांवरून गोष्टी शोधायची जावाची सोय) डीएनएस प्रोव्हायडर एमएक्स, टीएक्सटी वगैरे रेकॉर्ड आणून देतो, पण ईडीएनएसचे ऑप्शन त्यातूनही पाठवता येत नाहीत.

म्हणून बाहेरची लायब्ररी लागते. या कामासाठी ‘डीएनएसजावा’ ही जुनी आणि भरवशाची लायब्ररी आहे आणि नवख्या माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. तुमचा प्रकल्प आधीच नेटी या नेटवर्किंगच्या लायब्ररीवर उभा असेल तर त्यातला रिझॉल्व्हर वापरा, पुढच्या पायऱ्या तिथेही लागू पडतात. यूडीपी सॉकेट उघडून हाताने बाइट जुळवणं शिकण्यासाठी उत्तम आहे. चालू सिस्टिममध्ये मात्र ते करू नका. परत प्रयत्न करणं, टीसीपीवर जाणं, उत्तराचा आयडी जुळवणं हे सगळं मग तुमच्या अंगावर येतं.

डीएनएसजावामध्ये एक वाट ‘लुकअप’ क्लासची आणि दुसरी थेट ‘मेसेज’ बनवून ‘सिंपलरिझॉल्व्हर’ने पाठवण्याची. तपास चालू असेपर्यंत दुसरीच वाट घ्या. लुकअप सोयीचा आहे, पण तो तुमच्या पाठीमागे बरंच काही करतो. स्वतःच्या कॅशेमधून उत्तर देतो, म्हणजे दुसऱ्यांदा विचारलं तर पॅकेट बाहेर पडेलच असं नाही. अपुऱ्या नावाला सिस्टिमच्या सर्च यादीतली शेपटं जोडून पाहतो. आणि वेगळा रिझॉल्व्हर दिला नाही तर सिस्टिमच्या सेटिंगमधला वापरतो. ऑप्शन तुम्ही एका रिझॉल्व्हरवर लावलात आणि लुकअप दुसराच घेऊन बसला, हा प्रकार फार सर्रास होतो. लुकअप वापरायचाच असेल तर रिझॉल्व्हर स्पष्टपणे द्या आणि कॅशेच्या जागी नल द्या.

नाव देताना शेवटचा टिंब विसरू नका. टिंबाशिवायचं नाव अपूर्ण समजलं जातं, आणि त्यावरून रेकॉर्ड बनवायला गेलात की लायब्ररी लगेच एक्सेप्शन टाकते.

पायरी २: पहिला प्रयोग रिकाम्या ऑप्शनचा करा

सबनेट किंवा खाजगी कोड यांच्यापासून सुरुवात करू नका. आधी एनएसआयडी पाठवा. या ऑप्शनची व्याख्या २००७ च्या आरएफसी ५००१ मध्ये आहे आणि क्वेरीत त्याचा डेटा शून्य बाइटांचा असतो. डेटाच नाही, म्हणजे डेटा चुकण्याचा प्रश्न नाही. सर्व्हरला तो कळत असेल तर उत्तराच्या ओपीटीमध्ये त्याच कोडखाली सर्व्हरची ओळख येते.

‘एनएसआयडीऑप्शन’ला रिकामा बाइट ॲरे द्या, तो एका यादीत घाला, आणि सिंपलरिझॉल्व्हरच्या ‘सेटईडीएनएस’ मेथडला ती यादी द्या. रिझॉल्व्हर गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक सर्व्हरकडे वळवा; तो एनएसआयडीला उत्तर देतो. उत्तरातून ‘गेटओपीटी’ने ओपीटी घेऊन छापा. ओळख दिसली, तर लायब्ररी, रिझॉल्व्हर आणि नेटवर्क ही साखळी ठीक आहे. दोष तुमच्या खऱ्या ऑप्शनच्या डेटात किंवा समोरच्या सर्व्हरमध्ये आहे. नाही दिसली, तर खऱ्या ऑप्शनवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

एवढ्या एका प्रयोगाने शोधाचं क्षेत्र निम्मं होतं. बहुतेक लोक तो वगळतात, म्हणून आग्रहाने सांगतोय.

पायरी ३: बाहेर पडणारे बाइट डोळ्यांनी बघा

इथे घाई करू नका. नेटवर्कचा संबंध पूर्ण तोडून फक्त आपला प्रोग्राम काय पाठवतो ते बघायचं आहे.

एक छोटा ऐकणारा प्रोग्राम लिहा. ‘डेटाग्रामसॉकेट’ ५३०० पोर्टवर उघडा. ५३ घेऊ नका; लिनक्सवर १०२४ च्या खालच्या पोर्टला साधारणपणे जादा अधिकार लागतात. एक पॅकेट येऊ द्या आणि त्याचे बाइट छापा. मग तुमच्या मूळ प्रोग्राममध्ये सिंपलरिझॉल्व्हरचा पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट ५३०० करा. ऐकणारा प्रोग्राम उत्तर देणार नाही, त्यामुळे मूळ प्रोग्राम टाइमआउट होईल. ते अपेक्षितच आहे.

छापताना दोन गोष्टी सांभाळा. ‘गेटडेटा’ मेथड पूर्ण बफर देते, नुसतं आलेलं पॅकेट नाही. खरी लांबी ‘गेटलेंग्थ’कडून घ्या. आणि जावामधला बाइट चिन्हासहित असतो, म्हणून २०८ च्या जागी उणे ४८ आणि १९२ च्या जागी उणे ६४ छापलं जाईल. प्रत्येक बाइटचा २५५ शी ‘अँड’ करून छापा, नाहीतर बरोबर असलेला डेटाही चुकीचा वाटायला लागतो.

आता एक नमुना बघू. क्वेरी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’च्या ए रेकॉर्डची, यूडीपीचा आकार १२३२, आणि सोबत १९२.०.२.० हा २४ बिटांचा क्लायंट सबनेट. हेडर १२ बाइट. नाव १३ बाइट: लांबीचा एक बाइट आणि सात अक्षरं, लांबीचा एक बाइट आणि तीन अक्षरं, शेवटी शून्य. प्रकार आणि क्लास मिळून चार. इथपर्यंत २९. ऑप्शनशिवायचं ओपीटी ११ बाइटांचं, म्हणजे ४०. सबनेटचा ऑप्शन आणखी ११, एकूण ५१.

पहिले २९ सोडून उरलेले २२ बाइट असे दिसले पाहिजेत:

० | ० ४१ | ४ २०८ | ० | ० | ० ० | ० ११ | ० ८ | ० ७ | ० १ | २४ | ० | १९२ ० २

डावीकडून वाचा. रूट नाव. प्रकार ४१. आकार: ४ गुणिले २५६ अधिक २०८, म्हणजे १२३२. विस्तारित एरर कोड शून्य, आवृत्ती शून्य, फ्लॅग शून्य. पुढे डेटाची लांबी ११. मग ऑप्शन: कोड ८, लांबी ७, पत्त्याचं कुटुंब १ म्हणजे आयपीव्ही४, सबनेटची लांबी २४, स्कोप (उत्तर किती बिटांच्या सबनेटला लागू आहे ते सर्व्हर इथे भरतो) शून्य, आणि पत्त्याचे फक्त तीन बाइट.

तुमच्या छापील ओळीवरून काय समजायचं? पॅकेट २९ बाइटांवर थांबलं असेल तर ओपीटी जोडलंच गेलं नाही. ४० वर थांबलं असेल तर ओपीटी आहे पण ऑप्शनची यादी रिकामी आहे; बहुधा रिझॉल्व्हरने आपलं साधं ओपीटी जोडलं आणि तुमची यादी भलत्याच ऑब्जेक्टवर राहिली. ५१ पेक्षा मोठं असेल तर डेटामध्ये काहीतरी फालतू चिकटलं आहे. हेडरचे शेवटचे दोन बाइटही बघा: ॲडिशनल भागातल्या रेकॉर्डची संख्या तिथे असते आणि इथे ती १ हवी. २ दिसली तर कदाचित दोन ओपीटी गेली आहेत, आणि ते नियमाने चालत नाही. सर्व्हरने ‘फॉर्मएरर’, म्हणजे ‘मेसेजची मांडणी चुकली’ हा एरर, द्यायचा असतो.

ऐकणारा प्रोग्राम लिहायचा नसेल तर ‘मेसेज’वरची ‘टूवायर’ मेथड बाइट देते. पण सावध राहा. रिझॉल्व्हर ओपीटी जोडतो ते पाठवताना, त्यामुळे पाठवण्याआधी छापलेल्या बाइटांत ते नसेल. म्हणूनच मला ऐकणारा प्रोग्राम जास्त पटतो. तिथे जे आलं तेच खरं.

पायरी ४: डेटा बनवताना होणाऱ्या चुका

बाइट चुकले आहेत हे दिसलं की कारण बहुधा खालीलपैकी एक निघतं.

पॅरामीटरचा क्रम. ‘सेटईडीएनएस’मध्ये आवृत्ती आधी, मग आकार, मग फ्लॅग, मग ऑप्शन. ‘ओपीटीरेकॉर्ड’च्या कन्स्ट्रक्टरमध्ये मात्र आकार आधी, मग विस्तारित एरर कोड, मग आवृत्ती, मग फ्लॅग. सगळे पूर्णांक, त्यामुळे कंपायलर काही बोलत नाही. मोठा आकडा भलत्या जागी पडला तर लायब्ररी बऱ्याचदा अडवते, पण लहान आकडा निसटतो. आवृत्तीच्या जागी १ गेला तर सर्व्हर ‘ही आवृत्ती मला येत नाही’ असं उत्तर देईल.

एकाच वेळी दोन्हीकडून ओपीटी. तुम्ही मेसेजमध्ये स्वतः ओपीटी जोडलंत आणि रिझॉल्व्हरवरही ‘सेटईडीएनएस’ लावलंत, तर डीएनएसजावा तुमचंच ठेवते आणि रिझॉल्व्हरवरचं लावत नाही. कोड वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात, पॅकेटमध्ये एकच जातं. कोणतीही एकच पद्धत ठेवा आणि दुसरी कोडमधून काढून टाका.

बाइटबफरची शेपूट. खाजगी ऑप्शनसाठी ‘बाइटबफर’ ६४ बाइटांचा घेतला, त्यात १० बाइट भरले आणि ‘ॲरे’ मेथडने काढले, तर ६४ च्या ६४ मिळतात. उरलेली ५४ शून्यंसुद्धा ऑप्शनचा भाग म्हणून जातात. भरलेल्या जागेपर्यंतचाच तुकडा कापून घ्या. बाइटबफर मुळात मोठा बाइट आधी ठेवतो आणि नेटवर्कला तोच क्रम हवा असतो, त्यामुळे तो क्रम बदलू नका.

सबनेटची हाताने केलेली मांडणी. आरएफसी ७८७१ प्रमाणे पत्त्याचे बाइट सबनेटच्या लांबीला पुरतील तेवढेच पाठवायचे: २४ बिटांना तीन. चारही पाठवले, किंवा सबनेटच्या पलीकडचे बिट शून्य केले नाहीत, तर सर्व्हर क्वेरीच नाकारू शकतो. क्वेरीमध्ये स्कोप शून्यच हवा. डीएनएसजावामधला ‘क्लायंटसबनेटऑप्शन’ पत्ता स्वतः कापतो; तो असताना हाताने मांडायची गरज नाही. आणि एक विनंती: वापरकर्त्याचा पूर्ण पत्ता पाठवू नका. हा ऑप्शन अनोळखी सर्व्हरपर्यंत माहिती पोचवतो, आणि आरएफसीची शिफारससुद्धा आयपीव्ही४ ला २४ आणि आयपीव्ही६ ला ५६ बिटांपर्यंतच थांबण्याची आहे.

कुकीची लांबी. क्लायंटची कुकी नेमकी ८ बाइटांची. सर्व्हरची कुकी जोडून परत पाठवताना एकूण १६ ते ४०. यातली कुठलीही दुसरी लांबी चूक. कुकी मजकुरातून बनवणारे इथे फसतात, कारण अक्षरांची संख्या आणि बाइटांची संख्या नेहमी सारखी नसते.

टीएसआयजीने, म्हणजे दोघांकडे असलेल्या गुप्त कळीने, मेसेजवर सही करत असाल तर ओपीटी सहीच्या आधी जोडलं गेलं पाहिजे. टीएसआयजी नेहमी शेवटचं रेकॉर्ड असतं, आणि सही झाल्यावर मेसेजमध्ये काहीही घातलं की सही जुळत नाही.

पायरी ५: आता वाटेत काय होतं ते बघा

बाइट बरोबर आहेत, पण खऱ्या सर्व्हरकडून प्रतिसाद नाही. मग पहिला प्रश्न: खरा सर्व्हर म्हणजे कोण? लिनक्सवर सिस्टिमच्या सेटिंगमध्ये १२७.०.०.५३ दिसत असेल तर तुमच्यासमोर सिस्टिमडीचा (लिनक्समधल्या सेवा चालवणारी प्रणाली) स्थानिक रिझॉल्व्हर आहे. डॉकरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये १२७.०.०.११ दिसतो. ओपीटी पहिल्या सर्व्हरपुरतंच असतं हा नियम इथे आठवा. तुम्ही मनात दूरच्या सर्व्हरला विचारत असता, प्रत्यक्षात ऑप्शन घरातल्या घरात संपतो. रिझॉल्व्हरला दूरच्या सर्व्हरचा पत्ता थेट द्या आणि फरक पडतो का बघा.

क्लायंट सबनेट हा एक अपवाद आहे. तो समजणारा रिझॉल्व्हर त्यातली माहिती स्वतःच्या क्वेरीत घालून पुढे नेतो. पण सगळे नेत नाहीत. गूगलचा ८.८.८.८ नेतो; क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ गोपनीयतेच्या धोरणामुळे सर्वसाधारणपणे नेत नाही. तुमचा कोड निर्दोष असला तरी या दोन ठिकाणी वेगळं चित्र दिसेल.

उत्तरच येत नसेल आणि टाइमआउट होत असेल तर ‘सेटईडीएनएस’ला आवृत्ती उणे १ देऊन ईडीएनएस बंद करा आणि तीच क्वेरी पाठवा. आता उत्तर आलं, तर वाटेतला एखादा फायरवॉल ईडीएनएस असलेली पॅकेट गिळतोय किंवा मोठं उत्तर अडकतंय. अशा अडवणुकीला वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं गेलं. शेवटी १ फेब्रुवारी २०१९ च्या ‘डीएनएस फ्लॅग डे’पासून मोठ्या रिझॉल्व्हरांनी ते सांभाळून घेणं सोडलं, त्यामुळे हे प्रकार कमी झाले आहेत; संस्थांच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये मात्र अजून भेटतात.

मोठ्या उत्तराचा संशय असेल तर आकार १२३२ करा. हा आकडा हवेतून आलेला नाही. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक जोडणीने किमान १२८० बाइटांचं पॅकेट न तोडता न्यायचं असतं. त्यातून आयपीचं ४० आणि यूडीपीचं ८ बाइटांचं हेडर वजा केलं की १२३२ उरतात. उत्तर त्यात मावलं नाही तर सर्व्हर ‘अपुरं’ असा फ्लॅग लावतो आणि क्लायंट टीसीपीवर जातो. तुमच्या इथे टीसीपीचं ५३ पोर्ट बंद असेल तर इथे पुन्हा टाइमआउट दिसेल, म्हणून ‘सेटटीसीपी’ चालू करून एकदा थेट टीसीपीवरही विचारून बघा.

कधी चालतं, कधी नाही, असा प्रकार असेल तर तुम्ही एकाहून अधिक सर्व्हरना विचारताय का ते तपासा. ‘एक्स्टेंडेडरिझॉल्व्हर’कडे सर्व्हरांची यादी असते आणि त्यातल्या एकाला ऑप्शन कळतो, दुसऱ्याला नाही, असं सहज होतं. एकच सर्व्हर ठेवून परत बघा. एका पत्त्यामागे अनेक सर्व्हर असण्याचीही पद्धत आहे. तेव्हा नेमकं कुणी उत्तर दिलं हे कळायला एनएसआयडी सोबत पाठवत राहा.

पायरी ६: उत्तर नीट वाचा

उत्तरात ओपीटी आहे का, हे सर्वात आधी. ‘गेटओपीटी’ नल देऊ शकते आणि तिथेच अनेकांचा प्रोग्राम नलपॉइंटर एक्सेप्शनने पडतो. नल असण्यालाही अर्थ आहे. ‘फॉर्मएरर’ आला आणि सोबत ओपीटी नाही, तर सर्व्हरला ईडीएनएसच येत नाही. ‘फॉर्मएरर’ आला आणि सोबत ओपीटी आहे, तर सर्व्हरला ईडीएनएस येतं, पण तुमच्या ओपीटीमध्ये काहीतरी बिघडलं आहे. पायरी ४ कडे परत जा. एरर नाही, ओपीटी आहे, पण तुमचा ऑप्शन त्यात नाही, तर सर्व्हरने तो सोडून दिला. एकाच एररचे दोन वेगळे अर्थ ओपीटी असण्या-नसण्यावरून लागतात, म्हणून ही तपासणी कधीही वगळू नका.

एरर कोड वाचण्यात एक खरा सापळा आहे. हेडरमध्ये एरर कोडला चारच बिट आहेत, म्हणजे ० ते १५. त्यावरच्या कोडचे वरचे आठ बिट ओपीटीमध्ये असतात. ‘आवृत्ती येत नाही’ याचा कोड १६. त्याचे खालचे चार बिट शून्य, म्हणजे नुसतं हेडर वाचणाऱ्याला ‘सगळं ठीक’ दिसतं. ‘कुकी चुकीची’ याचा कोड २३. हेडरमध्ये ७ दिसतो, जो भलत्याच चुकीचा कोड आहे. डीएनएसजावामध्ये हेडरवरची ‘गेटआरकोड’ फक्त खालचे बिट देते, मेसेजवरची त्याच नावाची मेथड दोन्ही जोडून देते. नेहमी मेसेजवरची वापरा.

सबनेटच्या उत्तरात स्कोप बघा. तो शून्य असेल तर सर्व्हरला ऑप्शन कळला, पण हे उत्तर सगळ्यांना सारखंच आहे. म्हणजे पत्ता बदलला नाही म्हणून ऑप्शन चालला नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. कोड १५ चा ऑप्शन आला असेल तर तो नक्की छापा. २०२० च्या आरएफसी ८९१४ मुळे सर्व्हर त्यात चूक का झाली ते आकड्यात आणि कधी मजकुरातही सांगतो, आणि लोक ते न वाचताच टाकून देतात.

पायरी ७: डिगशी तुलना

इतकं करूनही उलगडा झाला नाही तर तीच क्वेरी ‘डिग’ने, म्हणजे डीएनएस क्वेरी पाठवणाऱ्या कमांडने, त्याच सर्व्हरला पाठवा. त्यात सबनेट, एनएसआयडी आणि कुकीसाठी तयार पर्याय आहेत, आणि ‘ईडीएनएसऑप्ट’ या पर्यायाला कोड आणि सोळाच्या पायातला डेटा दिला की कोणताही खाजगी ऑप्शनही जातो. ‘क्यूआर’ पर्याय लावला की पाठवलेली क्वेरीही छापली जाते. डिग अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये न सांगता कुकी जोडतो. तुलना करताना ‘नोकुकी’ लावा, नाहीतर पॅकेटच्या लांबीतला फरक तुम्हाला चुकीच्या दिशेला नेईल.

डिगला हवं ते उत्तर मिळतं आणि तुमच्या प्रोग्रामला नाही, तर दोन्ही पॅकेट वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम) शेजारी ठेवा. पोर्ट ५३ चा फिल्टर लावून ‘ॲडिशनल रेकॉर्ड’ उघडा; ओपीटीमधला प्रत्येक ऑप्शन तो सुटा करून दाखवतो. आयडीचे पहिले दोन बाइट वेगळे असणारच, हेडरमधले फ्लॅगही थोडे वेगळे असू शकतात. बाकीचा प्रत्येक फरक संशयित.

डिगलाही उत्तर मिळत नसेल तर कोडमध्ये आणखी शोधू नका. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना कळवा, आणि कळवताना पुढच्या गोष्टी एकत्र द्या: विचारलेलं नाव आणि प्रकार, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, यूडीपी की टीसीपी, ऑप्शनचा कोड, पाठवलेल्या ओपीटीचे सगळे बाइट, आलेला पूर्ण एरर कोड, उत्तरात ओपीटी होतं की नाही, आणि ईडीएनएस बंद केल्यावर काय झालं. ‘ऑप्शन चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवर समोरचा माणूस काही करू शकत नाही. ओपीटीचे बाइट हाती आले तर तो आपल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये तीच क्वेरी शोधू शकतो.